'व्यक्ती' अडकली, 'घरंदाज' सुटले

नमस्कार. तुमच्या फोंड्याच्या बार अँड रेस्टॉरंटच्या नोकरीच्या जाहिरातीवरून तुम्ही आम्हाला एक स्टार दिलात. तक्रार थोडक्यात अशी: जाहिरातीतला पक्षपात शोधायचे बाराशे रुपये घेतले, एआयने नको ते शब्द पकडले आणि पकडायचे ते सोडले, तीच जाहिरात दुसऱ्या दिवशी तपासली तर निकाल वेगळा, 'फक्त पुरुष' काढायला सांगून धंद्यात नाक खुपसले, आणि शनिवारी दुपारी फोन कोणी उचलला नाही.

यातले निम्मे खरे आहे. आधी तेच घेते.

तुमच्या मराठी मजकुरात होते, 'काउंटरसाठी अनुभवी व्यक्ती हवी, घरंदाज असल्यास प्राधान्य.' आमच्या एआय मॉडेलने 'अनुभवी व्यक्ती हवी' याला लाल खूण केली. त्याला वाटले, तुम्ही बाईच मागताय! 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी, माणूस मग कोणीही असो, हे शाळकरी पोराला कळते. 'घरंदाज'ला मात्र हिरवा कंदील, वर 'सभ्य' असा अर्थही लावून दिला. आपल्याकडे 'घरंदाज' वाचले की कोणत्या घरांनी अर्ज करायचा नाही ते त्या घरांना बरोबर समजते. जात न लिहिता जात विचारायची ही जुनी रीत. वडिलांच्या वेळची जाहिरात तशीच उतरवली असे तुम्ही सांगितलेत, ते मला पटते. पण आमचे कामच तो शब्द दाखवण्याचे होते, आणि तो सुटला.

गंमत म्हणजे तुमच्या इंग्रजी मजकुरातले 'फ्रॉम अ गुड फॅमिली' त्याच मॉडेलने लगेच पकडले होते. ही मॉडेल मुख्यतः इंग्रजी मजकुरावर वाढलेली आहेत. जाहिरातीतल्या 'पुरुषी' आणि 'बायकी' शब्दांवरचा २०११ सालचा गाजलेला अभ्यासही इंग्रजी शब्दांचाच. ती यादी मराठीत उतरवून भागत नाही, कारण आपल्याकडे लिंग विशेषणात आणि क्रियापदात बसलेले असते. 'उमेदवार मेहनती असावा, हिशेब सांभाळणारा असावा' यात वावगा शब्द एकही नाही, तरी वाचणाऱ्या मुलीला कळते की हे आपल्यासाठी नाही. 'हिशेब सांभाळता यायला हवा' एवढे लिहिले की काम झाले.

निकाल बदलला तो का? मॉडेल पुढचा शब्द शक्यतेवर निवडत जाते, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर थोडे हलते. आम्ही एकदाच तपासून तुम्हाला कागद दिला, हा निष्काळजीपणा. आता प्रत्येक जाहिरात तीनदा तपासतो. एकदाही खूण आलेला शब्द माणूस बघतो, आणि मराठी मजकूर तर मी स्वतः पहिल्यापासून वाचते.

'कोकणी बोलता यायला हवी' याला खूण केली म्हणून तुम्ही चिडलात, तिथे मी तुमच्या बाजूची. फोंडा बाजारात गिऱ्हाईक कोकणीतच बोलणार, काउंटरवरच्या माणसाला ती लागणारच. ती कामाची गरज आहे. 'फक्त गोंयकार', म्हणजे फक्त गोव्याचेच, असे लिहिले असतेत तर गोष्ट वेगळी. हा फरक मॉडेलला नेमका जमत नाही.

'अमेझॉनने असले यंत्र कधीच फेकून दिले' हे तुमचे म्हणणे मात्र इथे लागू नाही. ती बातमी २०१८ ची. ते यंत्र उमेदवारांच्या बायोडेटांना गुण देत होते. दहा वर्षांचे अर्ज वाचून ते शिकले, त्यात बहुतेक पुरुष, म्हणून बायकांचे बायोडेटा ते मागे ढकलू लागले. आम्ही कोणाचा बायोडेटा मॉडेलला दाखवत नाही. कोणाला घ्यायचे ते तुम्हीच ठरवता, आम्ही फक्त तुमची जाहिरात वाचतो.

आणि आता 'फक्त पुरुष'. 'दारूच्या ठिकाणी बाई ठेवणे कायद्यातच बसत नाही' असे तुम्ही लिहिलेत. तसा कायदा होता खरा, पण दिल्लीत: १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे ३० वे कलम. दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी उडवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात तो निर्णय कायम ठेवला. बायकांना कामापासून दूर ठेवण्यापेक्षा काम सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख आहे. भरतीत बायकांविरुद्ध भेदभाव नको हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणून ती सूचना मी मागे घेत नाही. तुमची खरी अडचण तुम्ही फोनवर सांगितली होतीत: साडेअकराला बंद करायचे, तोवर बस नसते. मग जाहिरातीत तेच लिहा. 'काम रात्री साडेअकरापर्यंत, घरी पोचवायची सोय आहे' किंवा 'सोय नाही'. ज्यांना जमेल ते येतील, बाई असो की बुवा.

मराठी जाहिरातीचे सहाशे रुपये आज परत पाठवले आहेत. इंग्रजीचे ठेवले, ते काम नीट झाले होते. सुधारलेला मराठी मजकूर उद्यापर्यंत देते, त्याचे पैसे नाहीत. शनिवारी आम्ही एक वाजता बंद करतो, हे दारावर लिहिले आहे, फोनवर सांगायची सोय नव्हती. ती कालपासून केली.