जुन्या एमएक्स-५ मधलं पाणी: ‘सिलिकॉन मारा, बूच काढा, छत बदला’ या सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी माझदा एमएक्स-५, म्हणजे दुमडत्या कापडी छताची दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेतली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर सीटमागचा गालिचा पिळून काढावा लागला, की मालकाला ठरलेला सल्ला मिळतो: ‘कापडी छताची गाडी आहे, गळणारच. सांध्यांवर सिलिकॉन मारा. गाडीच्या जमिनीतले रबरी बूच काढा, पाणी आपोआप जाईल. तरी थांबलं नाही तर नवं छत घाला, नाहीतर हार्डटॉप, म्हणजे वरून बसवायचं कडक छत, बसवा.’ ब्रिटनमध्ये या गाड्या आजही भरपूर आहेत आणि तिथे हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिला असता. पण त्याने गाडीचा पत्रा आतून कुजतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा. इथलं सगळं पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे: १९८९ साली आलेली एनए, जी जपानमध्ये यूनोस रोडस्टर म्हणून विकली गेली, आणि तिच्यानंतरची, २००५ पर्यंत बनलेली एनबी.

‘कापडी छत आहे, गळणारच.’

छत आणि मागची बॉडी यांच्यामधून पाणी आत उतरतं हे खरं आहे. पण तो दोष नाही, ती रचना आहे. मागच्या काचेवरून ओघळलेलं पाणी छताच्या मागच्या कडेपाशी बॉडीच्या आत शिरतं आणि तिथे बसवलेल्या प्लास्टिकच्या पन्हळीत पडतं. कौलारू घराच्या पन्हळीसारखीच ही पन्हळ ते दोन्ही बाजूंना नेते. सीटबेल्टच्या खांबामागे दोन्हीकडे एकेक निचऱ्याचं तोंड आहे. तिथून नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे ते गाडीखाली बाहेर पडतं.

या वाटेत सुकी पानं, पाईनच्या काड्या, धूळ आणि कापडाचे तंतू साचले की नळी तुंबते. मग पाणी तोंडातून वर येऊन सीटमागच्या गालिच्यावर पसरतं आणि दाराखालच्या पोकळ सिलमध्येही उतरतं. छताचं कापड अगदी नवं कोरं असलं तरी हेच होणार.

तपासणी दहा मिनिटांची आहे. छत अर्धं दुमडा, सीटबेल्टच्या खांबामागे बोट घाला, हाताला लागेल तो कचरा काढा. मग अर्धा लिटर पाणी सावकाश ओता आणि दुसऱ्या कुणाला तरी चाकाजवळ वाकून बघायला सांगा. धार लगेच पडली तर वाट मोकळी आहे. थेंबथेंब पडलं तर अर्धी तुंबली आहे. काहीच आलं नाही तर ओतणं ताबडतोब थांबवा, कारण ते पाणी आता सिलमध्ये साठतं आहे.

साफ करायला गवत कापायच्या यंत्रातली २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घ्या. तिचं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा, म्हणजे नळीला भोक पडणार नाही. वरून हलके ढकला, खालूनही घाला, मधूनमधून कोमट पाणी सोडा. लोखंडी तार घालू नका, आणि वरून कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. साचलेला गोळा हलायच्या आधी नळी सांध्यातून निखळते आणि मग तो सांधा पुन्हा बसवायला हात पोचत नाही. वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, हे केलंच पाहिजे.

नळी मोकळी असूनही सीटमागे ओलं होत असेल तर पन्हळ बघा. ती जुनी झाली की ठिसूळ होते, तिला चिरा जातात. मागचा गालिचा उचलला की धातूच्या पट्ट्या आणि १० मिलिमीटरचे नट दिसतात, त्यांनी छताची कड आणि पन्हळ एकत्र धरलेली असते. नवी पन्हळ बसवताना दोन चुका नेहमी होतात. एक, नट जोर लावून आवळले जातात आणि नवीच पन्हळ तडकते. दोन, पन्हळीची टोकं निचऱ्याच्या तोंडात न जाता बाजूला राहतात. मग नवी पन्हळ सगळं पाणी इमानदारीने गालिच्यावर आणून सोडते.

‘सांध्यांवर सिलिकॉन मारा.’

या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच. छत आणि बॉडीमधली फट बंद केली की पन्हळीचा रस्ताच बंद होतो, छत नीट दुमडत नाही, आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं. घरगुती वापराच्या बऱ्याच सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. उघड्या पत्र्यावर त्याने गंज धरतो. पुढे त्या जागी रंग धरत नाही आणि दुसरं कुठलंही सीलंट चिकटत नाही, खुद्द नवं सिलिकॉनही नाही. ते खरवडून काढायला जेवढा वेळ जातो त्याच्या एका छोट्या हिश्श्यात खरी गळती सापडली असती.

पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेनचं सीम सीलर (सांधे बुजवायचं सीलंट), आणि पुन्हा उघडावे लागतील अशा भागांना बुटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), एवढं पुरतं. रबराच्या बीडिंगला कापडावर घेतलेलं थोडं सिलिकॉन ग्रीस लावावं, त्याने रबर मऊ राहतं. हे ग्रीस म्हणजे सीलंट नव्हे, नावावरून गोंधळ करू नका. पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस मात्र नको, त्याने हे रबर फुगतं.

पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून मांडीवर थेंब पडत असतील तर आधी कागदाची पट्टी घ्या. ती काच आणि बीडिंगमध्ये धरून दार लावा आणि ओढून बघा. घट्ट ओढावी लागली तर दाब बरोबर आहे. सहज सरकली तर दारातली काच आत किंवा वर सरकवायला हवी, त्यासाठी दाराच्या आत बोल्ट आहेत. छताच्या पुढच्या कडेला पट्टी सैल लागली तर लॅचचा, म्हणजे छत पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवणाऱ्या कडीचा, आकडा फिरवून ताण वाढवता येतो. अर्धा फेरा द्या, पुन्हा बघा. जास्त आवळलं तर लॅच लावताना छताची चौकट वाकते.

‘जमिनीतले बूच काढा.’

बूच काढल्याने आत आलेलं पाणी जातं, पण येणारं थांबत नाही. उलट चाकांनी उडवलेला चिखल आणि ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच भोकांतून आत येतं. आणि खरं नुकसान जमिनीवर होतच नाही, ते सिलच्या पोकळीत होतं, जिथे बुचाचा काही संबंध नाही. सिलच्या खालच्या शिवणीत पाणी बाहेर पडायला फटी ठेवलेल्या असतात. खालून जाड काळा लेप मारणाऱ्यांनी त्या बुजवलेल्या असतात. त्या मोकळ्या करा.

ब्रिटनच्या एमओटी तपासणीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासणीत, सीटबेल्टच्या बसणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झालेला असेल तर गाडी नापास होते. या गाडीत निचऱ्याची नळी आणि सीटबेल्ट शेजारी शेजारी आहेत, म्हणून तुंबलेल्या नळीची किंमत शेवटी वेल्डिंगमध्ये मोजावी लागते. सिल आतून पूर्ण सुकल्यावरच पोकळीत मेण मारा. ओल्या पत्र्यावर मारलेलं मेण ओल आत कोंडून ठेवतं.

‘छत बदला, नाहीतर हार्डटॉप बसवा.’

छत फाटलं असेल तर जरूर बदला. पण ओल कुठे आहे हे आधी बघा, कारण बऱ्याच गळत्यांना छत लागतच नाही.

दाराच्या उंबऱ्यावर पाणी दिसत असेल तर दार तपासा. काचेलगत दाराच्या आत पाणी उतरणं ठरलेलंच आहे, ते खालच्या भोकांतून गेलं पाहिजे. भोकं तुंबली किंवा दाराच्या आतल्या पॅनलमागचा प्लास्टिकचा पडदा फाटला की ते केबिनमध्ये येतं. स्पीकर बदलताना हा पडदा हमखास फाडला जातो. नवीन जाड प्लास्टिक कापून बुटाइल टेपने चिकटवा, त्याची खालची कड दाराच्या आत वळवा.

पुढे पायाशी ओलं असेल तर वायपरखालची जाळी आणि तिचे निचरे बघा. ते पुढच्या मडगार्डच्या आत उतरतात. चाकाच्या वरचं अस्तर काढलं की तिथे मातीचा ढीग सापडतो आणि तो सिलचं पुढचं टोक खातो. पावसाशिवायही ओलं होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुकं बसत असेल, तर तो हीटरमधून गळणारा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, पाऊस नव्हे.

डिकी ओली असेल तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट, एनएमध्ये डिकीच्या झाकणावरचा तिसरा ब्रेकलाइट, आणि एरियलची बसणी बघा. बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे हे पुढे ढकलू नका.

हार्डटॉपने यातलं काहीच सुटत नाही.

आता पाणी शोधायची रीत. सीट प्रत्येकी चार बोल्टवर आहेत, त्या काढा. एनएच्या सीटमध्ये स्पीकरच्या तारा असतील तर आधी सोडवा. गालिच्याखालचं नमदं किती पाणी धरून ठेवतं हे उचलल्यावरच कळतं; वरून कोरडा लागणारा गालिचा खाली चिंब असतो. सगळं बाहेर काढून डीह्युमिडिफायरने दोन-तीन दिवस सुकवा. मग एक जण टॉर्च घेऊन आत बसेल आणि दुसरा पाइपाला तोटी न लावता सौम्य धार सोडेल. सुरुवात खालून करा: आधी दार, मग काचेची कड, मग छताची पुढची कड, शेवटी मागची काच. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून आलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत घालतो.

पाइप नसेल तर ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून पूर्ण जोरात चालू करा, काचा बंद करा आणि बाहेरून बीडिंगवर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करा.