आईंसाठी 40 सेशनचं पॅकेज का दिलं नाही

नमस्कार. आमच्या हायपरबेरिक ऑक्सिजन उपचाराला (बंद चेंबरमध्ये हवेचं प्रेशर वाढवून ऑक्सिजन देणं) रिव्ह्यूमध्ये एक तारा देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: चाचणी सेशनमध्ये आईंचा कान दुखला, अल्झायमरसाठी 40 सेशनचं पॅकेज आम्ही नाकारलं, आणि दुसरीकडे हेच घरी येऊन, कमी पैशांत करून देतात.

कानाची चूक आमची, त्याबद्दल माफी. 2 एटीए प्रेशर म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट, समुद्रात 10 मीटर खाली गेल्यासारखं. प्रेशर चढताना सारखं गिळावं लागतं किंवा नाक दाबून फुंकावं लागतं, नाहीतर पडदा आत ओढला जातो. स्मृतिभ्रंशात ही सूचना मिनिटाभरात विसरली जाते. दुखतंय हेही वेळेवर सांगता येत नाही. त्रास होतो तो सुरुवातीलाच, कारण अडकलेल्या हवेचं आकारमान तिथेच सर्वांत झपाट्याने घटतं. अशा पेशंटचं प्रेशर खूप सावकाश चढवायचं, शेजारी माणूस बसवायचा, घोट घोट पाणी द्यायचं. आम्ही नेहमीच्याच वेगाने चढवलं. सेशनचे पैसे परत देतोय.

पॅकेजचं उत्तर मात्र आजही तेच. मोबाइलवर फिरणारा इस्रायलचा अभ्यास 2021 चा आहे. उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) कमी झालं, हे खरं. पण त्यात माणसं फक्त 6, स्मरणशक्ती घटलेली वयस्क मंडळी. त्यांना 60 सेशन दिली आणि तुलनेला उपचार न घेतलेला गटच नव्हता. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2013 मध्येच बजावलं होतं की अल्झायमरवर हा उपचार सिद्ध झालेला नाही. एवढ्यावर पैसे कसे घ्यायचे? त्यात रोज दीड तास मास्क लावून बसायचं, आणि गोंधळलेला पेशंट तो काढून टाकतो.

घरी आणतात तो चेंबर म्हणजे माणूस आत झोपेल अशी चेनची मऊ पिशवी. तिचं प्रेशर साधारण 1.3 एटीए. आत साधी हवा भरली, जिच्यात ऑक्सिजन 21 टक्के असतो, तर हिशेब सोपा आहे: 1.3 गुणिले 21, म्हणजे 27. बाहेर बसून 27 टक्के ऑक्सिजन घेतल्याइतकंच! पिशवीतच ऑक्सिजन सोडत असतील तर आगीचा धोका. शुद्ध ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठिणगी पडली की विझवायला वेळ मिळत नाही. 2025 च्या जानेवारीत मिशिगनमध्ये 5 वर्षांचा मुलगा असाच गेला.

तरीही कुठे जाणार असाल तर आधी छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर प्रत्येक सेशनआधी साखर बघा, आत ती खाली येते. सुती कपडे घाला. केसाला तेल नको, कानाचं मशीन आणि मोबाइल बाहेर. विसरण्याचं कारण म्हणून बी-12 आणि थायरॉइड तपासलं नसेल तर ते आधी.