आधी नळ धुवा, मग क्राफ्ट म्हणा

"क्राफ्ट बिअर आहे सर, अशीच लागते." बारमध्ये तक्रार केल्यावर हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अशीच म्हणजे कशी? आंबूस, वर लोण्याचा वास मारणारी?

कोल्श मागवली होती. जर्मनीतल्या कोलोन शहराची फिकट सोनेरी बिअर, साधारण 4.8 टक्के अल्कोहोल. तिथे ती 200 मिलिच्या सरळसोट, अरुंद ग्लासात देतात. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टने आंबवायची आणि मग लागर या दुसऱ्या प्रकारासारखी थंडीत मुरवायची. मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, पावासारखा मऊ गोडवा, फळाची पुसट झाक, शेवटी कोरडा, नेमका कडवटपणा, बस्स. एवढ्या नाजूक बिअरला लपायला जागा नसते. स्टाउटसारख्या काळ्या बिअरमध्ये भाजक्या मॉल्टच्या आड शंभर पापं पचतात, हिच्यात एकसुद्धा पचत नाही.

आणि माझ्यासमोर काय आलं? आधी तर फ्रीझरमधून काढलेला, बर्फाची साय चढलेला मग. कोणी सांगितलं हे? बर्फाच्या कणांवर बिअर आपटली की नुसता फेस उसळतो, वरून जीभ बधिर. अर्थात, जीभ बधिर व्हावी हीच इच्छा असेल तर प्रश्नच मिटला!

मग जरा कोमट व्हायची वाट बघितली. फेस पार बसला होता, आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे जागोजागी चिकटून बसले होते. ग्लासला तेलाचा नाहीतर साबणाचा अंश राहिला की हे असंच दिसतं. घोट घेतला. आधी लोणी, मग बटरस्कॉच, मग जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा. हॉप्स? कडवटपणा देणारी ती फुलं कुठे गेली कोणास ठाऊक.

लोण्याची ही चव म्हणजे डायअसिटाइल, बिअर आंबताना तयार होणारं एक रसायन. कधी ब्रूअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, घाई केलेली असते, यीस्टला ते परत गिळायला वेळच दिलेला नसतो. पण सोबत आंबटपणा आला की माझा पहिला संशय पाइपवर. केगपासून, म्हणजे बिअरच्या पिंपापासून, नळापर्यंतच्या त्या पाइपात बॅक्टेरिया घर करतात आणि दोन्ही चवी फुकटात देतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याचं द्रावण फिरवून पाइप धुवायचा, नळ सुटा करून घासायचा, आणि तीन महिन्यांनी ॲसिडने आतला दगडासारखा थर काढायचा. यात रॉकेट सायन्स काय आहे? ब्रूअर बिचारा महिनाभर टाकीपाशी राबणार, आणि शेवटच्या काही फुटांत तुम्ही त्याची माती करणार.

बारवर विचारलं, पाइप शेवटचा कधी धुतला? पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याचा पगार विचारलाय. फळ्यावर मात्र खडूने सुंदर अक्षरात "ताजी, हाताने घडवलेली" लिहिलेलं. अक्षर खरंच छान होतं, ते नाकारत नाही. तेवढा वेळ नळावर घालवला असता तर?

बदलून मागितली तर त्याच नळाची दुसरी. वर आणि मालक स्वतः येऊन विचारतात, "लिंबाची फोड टाकून देऊ का?"

नको! ब्रश आणा!