लिंबूपाण्याने दारू उतरत नाही, मामा

गटारी जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतोच. काल आमच्या एका मामांनी पण फॅमिली ग्रुपवर टाकला, की प्यायल्यावर लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याने आंघोळ, तोंडात वेलची, दोन तासांत गाडी चालवायला मोकळे, पोलिसांचं श्वास तपासायचं मशीनपण पकडत नाही. खाली सात-आठ अंगठे. मामा रागावू नका, पण यातलं एकही खरं नाहीये.

लिंबूपाणी आणि आंघोळ आधी घेऊ. दारू एकदा रक्तात गेली की ती मोडायचं ९०% च्या वर काम एकटं लिव्हर करतं, आधी तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड, मग अ‍ॅसिटेट, आणि ते आपल्या ठरलेल्या स्पीडनेच, तुम्ही कितीही घाई करा. १०० मिली रक्तातली साधारण १५ मिलीग्रॅम दारू तासाला कमी होते, कोणाची १०, कोणाची २०. घामातून, लघवीतून, श्वासातून जाते ती थोडीशीच.

कॉफीने झोप उडते, दारू नाही. उलट जास्त डेंजर, कारण माणूस पिलेलाच असतो पण त्याला वाटतं मी एकदम ओके.

वेलचीचं तर हसूच येतं. मशीन तोंडाचा वास घेत नाही हो! फुप्फुसात रक्तातली दारू श्वासाच्या हवेत मिसळते, ती मोजतं. वेलची घरच्यांना फसवायला ठीक (तिथेपण चालत नाही म्हणा).

पोटभर जेवलं की चढत नाही असंपण म्हणतात, ते अर्धं खरं आहे. आधी किंवा सोबत खाल्लं तर दारू रक्तात हळू जाते, पण पिऊन झाल्यावर मटण-भाकरी चापून काही परत येत नाही.

आणि "मी फक्त बीअर घेतो" वाल्यांसाठी हिशोब: ६५० मिलीच्या ८% स्ट्राँग बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २०. म्हणजे एक बाटली बरोबर दोन लार्ज.

आता खरी गंमत. ७० किलोच्या माणसाने रात्री ९ ते १२ मध्ये व्हिस्कीची दीड क्वार्टर (२७० मिली) संपवली तर १२ वाजता १०० मिली रक्तात अंदाजे १४५ मिलीग्रॅम, आणि सकाळी ६ ला झोप काढून, आंघोळ करून, चहा पिऊनसुद्धा ५५ च्या आसपास. कायद्याची लिमिट ३० आहे, मोटार वाहन कायदा कलम १८५, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर ११ मीटर गेलेच.

"माझी कपॅसिटी आहे" म्हणणाऱ्याला चढलेली जाणवत नाही इतकंच, रक्तातला आकडा तोच.

आणि याच ग्रुपवर गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला माळशेजला निघायचा प्लॅन शिजतोय, तर स्टिअरिंगवर कोण बसणार आणि तो आदल्या रात्री काय पिणार ते आधी सांगा.