गुपित सांभाळायचे ते खातेवही ठेवणाऱ्याने

१९८६ साली मी बँकेत रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांत निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणेचा एक कागद होता. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातील कलम १३ प्रमाणे अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला कामावर बसण्यापूर्वी ही घोषणा करावी लागते. खातेदाराच्या व्यवहाराची माहिती, ज्याला ती मिळण्याचा हक्क नाही अशा कोणालाही द्यायची नाही, असा तिचा साधा आशय आहे. चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्या सहीची आठवण गेल्या दोन महिन्यांत जेवढ्या वेळा झाली तेवढी सगळ्या नोकरीत झाली नसेल.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या शाखेत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंचे आमच्याकडे बचत खाते होते. दहा-वीस रुपये साठले की त्या येऊन भरत आणि पासबुकात नोंद झाली की शिल्लक किती हे हळू आवाजात विचारून जात. एके दिवशी त्यांचा नवरा काउंटरवर आला आणि बायकोच्या खात्यावर किती पैसे आहेत ते सांगा म्हणून हटून बसला. आमचे शाखाधिकारी बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "खातं बाईंच्या नावावर आहे. त्या आल्या की त्यांना सांगू." त्याने आरडाओरडा केला, काउंटरच्या जाळीवर हात आपटला आणि निघून गेला. खात्यात तेव्हा ३१५ रुपये होते. "माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे कोणी म्हणाले की मला ते ३१५ रुपये आठवतात. ती रक्कम लपवण्यात कसलाही अपराध नव्हता; त्या बाईंचे घर त्या रकमेवर उभे होते.

आता माझ्या ताईविषयी, आणि हे मी तिची परवानगी घेऊन लिहितो आहे. ताई ७१ वर्षांची आहे. गेल्या श्रावणात तिच्या छातीत गाठ लागली. तिने हे दाजींना आणि मला सांगितले. मुलगा आणि सून यांना निदान होईपर्यंत काही सांगायचे नाही, असे तिने ठरवले होते. एका तपासणी केंद्रात सोनोग्राफी झाली. त्या दोन-तीन रात्री झोप लागत नाही म्हणून ती फोनवर गाठीविषयी वाचत होती, व्हिडिओ पाहत होती. घरात नातीसाठी जो टॅब आहे तो ताईच्याच खात्याने सुरू केलेला आहे, ही गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती. चौथ्या दिवशी नऊ वर्षांची नात तो टॅब हातात घेऊन सगळ्यांसमोर आली आणि म्हणाली, "आजी, तुला कॅन्सर झालाय का? इथं सगळं तेच येतंय." पडद्यावर एकाखाली एक गाठींचे व्हिडिओ होते आणि मध्ये एका रुग्णालयाची जाहिरात होती. त्याच आठवड्यात आरोग्यविमा विकणाऱ्याचा फोन आला. ताईचे नाव आणि वय त्याला ठाऊक होते आणि नुकतीच तपासणी झाल्याचेही ठाऊक होते. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण ही बातमी घरात कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायची हे ठरवण्याचा अधिकार ताईचा होता, आणि तो तिच्या हातून काढून घेतला गेला.

हे घडते कसे, ते समजून घ्यायचा मी माझ्या परीने प्रयत्न केला. संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने ती काढली, आणि तेव्हाचा हेतू निर्मळ होता: ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर विसरल्या जाऊ नयेत. पुढे एकाच पानावर दुकानदाराखेरीज जाहिरात कंपन्याही आपापली नोंद ठेवू लागल्या. आपण किराणा घ्यायला जावे आणि काउंटरमागे एक अनोळखी माणूस वही घेऊन बसलेला असावा. मग औषधाच्या दुकानात, पुस्तकाच्या दुकानात आणि डॉक्टरांच्या दारातही तोच माणूस तीच वही घेऊन बसलेला असावा, असे हे चित्र आहे. कोणत्याही एका दुकानदाराला आपण पूर्ण कळत नाही, त्या वहीवाल्याला मात्र पूर्ण कळतो. सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी अशा परक्या कुकींना बऱ्याच अंशी अटकाव केला आहे. गूगलने क्रोममधून त्या काढून टाकू असे २०२० मध्ये जाहीर केले होते आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. फोनमध्ये तर कुकीचीही गरज उरत नाही, कारण प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो आणि वेगवेगळी ॲप त्याच क्रमांकाखाली आपल्या नोंदी जमा करू शकतात.

गेल्या रविवारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर तिचा फोन घेऊन आम्ही दोघे बसलो. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात जाहिराती, आणि तिथे 'जाहिरात आयडी हटवा' हा पर्याय सापडला. मग परवानग्यांचे पान उघडले. ताईने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या पंचांगाच्या ॲपला फोनमधील सगळे संपर्क, मायक्रोफोन आणि ठिकाण यांची परवानगी दिलेली होती. ठिकाणाचे मी समजू शकतो, कारण सूर्योदय सांगलीचा आणि नागपूरचा वेगळा असतो. पण त्यासाठीही गावाचे नाव विचारले तरी पुरे. एकादशी कधी आहे हे सांगायला ताईच्या विहिणीचा फोन नंबर कशाला हवा? ताई चष्मा पुसत म्हणाली, "मी कधी दिली रे ही परवानगी?" दिली होती. 'अनुमती द्या' या बटणाला हात लावल्याशिवाय पंचांग उघडतच नसणार. सगळी ॲप तपासून होईपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचे कौतुक मला वाटत नाही. आमच्या खातेदाराला आपली शिल्लक गुप्त राहावी म्हणून दर महिन्याला शाखेत येऊन चाळीस कुलुपे तपासावी लागत नव्हती. ती काळजी आमची होती, कारण वही आमच्याकडे होती.

संपर्कांच्या यादीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. आपल्या फोनमधील नावे-नंबर ही दुसऱ्यांनी आपल्यावर विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, आणि ती परस्पर तिसऱ्याला देण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने राजकीय प्रचारासाठी फेसबुकवरील लोकांची माहिती परस्पर मिळवली, त्या प्रकरणात, ज्या फेसबुकवर मी हे लिहितो आहे त्याच कंपनीने २०१८ मध्ये दिलेले आकडे पाहा. माहिती गोळा करणारे ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतले होते. तरीही मित्रयादीच्या वाटेने ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या ५ लाख ६२ हजारांवर गेली. या लाखो लोकांना कोणी काही विचारले नव्हते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी तर कर्जदाराच्या संपर्कयादीतील नातेवाइकांना, वरिष्ठांना फोन करून माणसांना जीव नकोसा केला. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि कर्जाच्या ॲपनी फोनमधील संपर्क, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही असे बजावले. जुन्या बँकवाल्याला हे वाचून बरे वाटले. कर्जाला जे लागू होते ते पंचांगाला का होऊ नये, हेही मनात आले.

कायदा आपल्याकडे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा एकमुखाने निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्यांना आणखी अठरा महिने देण्यात आले. या कायद्यातील दोन-तीन गोष्टी मला मनापासून आवडल्या. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे. आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणे यांवर बंदी आहे. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे भारतीय भाषांच्या यादीतील, कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क आहे, म्हणजे ती मराठीत मागता येते, आणि ती आपण मागितली पाहिजे. ताईसारख्या माणसाला चौदा पानी इंग्रजी मजकुराखाली 'मान्य आहे' म्हणायला लावणे ही संमती नव्हे.

याच कायद्याने सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती ठेवल्या आहेत आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून सरकारी दप्तरातील माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारणे सोपे केले आहे. हे मला पटलेले नाही. ३१५ रुपयेवाल्या बाईंचे गुपित आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलाचा कागद एकाच मापाने मोजता येत नाही.

"सगळे फुकट मिळते, मग जाहिराती येणारच," असे माझे भाचे म्हणतात. जाहिरातीला माझी हरकत नाही. वर्तमानपत्रातही जाहिराती असतात. पण मी कोणते पान किती वेळ वाचले याची नोंद घेऊन वर्तमानपत्र जात नाही. आणि सोनोग्राफी तर फुकट नव्हती. तिचे पूर्ण पैसे भरून पावती घेतली होती.

त्या पावतीची झेरॉक्स जोडून मी ताईच्या सहीने तपासणी केंद्राला मराठीत पत्र लिहिले आहे. ताईचा मोबाइल नंबर, वय आणि तपासणीची माहिती तुम्ही कोणाला दिली, कोणत्या संमतीने दिली, आणि ती आता तुमच्याकडून व त्यांच्याकडून पुसून टाकली जाईल का, असे तीन प्रश्न त्यात विचारले आहेत. केंद्राचे नाव इथे लिहीत नाही, कारण माहिती तिथूनच गेली हे अजून सिद्ध झालेले नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून आज अकरा दिवस झाले. पोचपावती परत आली आहे, तिच्यावर शिक्काही आहे. उत्तर आले की ताईला विचारून इथे लिहीन.