भाड्याचं गणितही लिहायला हवं होतं

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातलं जुनं हॉटेल ओकलंड आता ज्येष्ठांची घरं झालंय. त्यावरच्या लेखात ‘वारसा वाचला हेच मोठं यश’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. १९१२ साली उघडलेलं हे हॉटेल दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळ झालं, नंतर रिकामंही पडलं. वास्तू तेव्हाही देखणीच होती की! आज तिथं कमी उत्पन्नाचे ज्येष्ठ राहू शकतात ते सेक्शन ८ या अमेरिकी सरकारच्या भाडे-मदत योजनेमुळे. भाडेकरूनं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के द्यायचे, बाकीचं सरकार भरतं. याबद्दल लेखात चकार शब्द नाही.

दुसरं म्हणजे जागा. जुनी हॉटेलं भर शहरात असतात. इथून चायनाटाऊन चालत जाण्याइतकं जवळ. आमच्या ओळखीच्या एक काकू सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्याच (ओकलंडही त्यातच येतं) अशा एका ज्येष्ठांच्या इमारतीत राहतात. मुलाकडे उपनगरात असताना दूध आणायलाही कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागायची, आता व्हीलचेअरवरून स्वतः भाजी आणतात. फक्त नंबर लागेपर्यंत मुलाच्या घरी जिने चढून चढून गुडघे गेले ते गेलेच. प्रतीक्षा यादीवर दोन ओळी तरी हव्या होत्या.