नदीच्या वाटेला कुलूप लागलंय

आज सकाळी साडेसातला नदीवर पोचले तर गेटला साखळी. नवी कोरी, मनगटाएवढी जाड, आणि तिला पितळी कुलूप. पलीकडे वाटेवरच चार मोठे धोंडे आडवे टाकलेले. आठ वर्षं मी या गेटातून नदीच्या पात्रात उतरते आहे, गेट लावून घेऊन पुढे जाते आहे, आणि आज तारेला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधलेला एक कागद. त्यावर एवढंच: पुरे झालं आता.

घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहिते आहे. लांबेल, आधीच सांगते.

नदीचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतील. न्यूझीलंडमधल्या कँटरबरीतली नदी आहे एवढं पुरे. वायमाकारिरी, राकाइया, रांगिटाटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कळेल. सदर्न आल्प्समधून खाली आली की ती एका धारेत राहतच नाही. रुंद गोट्यांच्या पात्रात दहा-बारा धारा, वेणीसारख्या एकमेकींत शिरणाऱ्या, आणि प्रत्येक पुरानंतर वेणी नव्याने घातलेली. त्या गोट्यांवरून गाड्यांची एक चाकोरी वर डोंगरात जाते. डांबर नाही, पूल नाही. पाण्याला उतार असेल, म्हणजे गाडी पार होण्याइतकं ते उथळ असेल, तर जायचं, नसेल तर मुकाट परत यायचं.

सहा वर्षांपूर्वी बाबा इथे तीन महिने राहायला आले होते. तेव्हा 74 वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. या देशात जो तो डोंगरात जा म्हणून सांगतो, पण डोंगरात जायला पाय लागतात. बाबा महिनाभर खिडकीतून बर्फाची शिखरं बघत बसले होते. तक्रार केली नाही, बाबा करतच नाहीत. एका रविवारी मी त्यांना गाडीत बसवलं, लो रेंज (फोर व्हीलचा हळू पण ताकदीचा गिअर) टाकली आणि त्या चाकोरीने चार किलोमीटर आत नेलं. एका उथळ धारेपाशी खुर्ची मांडली. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, पाय पाण्यात सोडले आणि अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत.

आज त्या गेटला कुलूप बघितल्यावर मला पहिल्यांदा ते पाय आठवले.

ज्यांना चालता येतं त्यांना कुलपाचं काय? उडी मारतील, जातील. कुलूप लागतं ते म्हाताऱ्यांना, गुडघेवाल्यांना, कडेवर मूल असलेल्यांना. मोटारीने नदीत जाणं म्हणजे मस्ती, खरा निसर्गप्रेमी पाठीवर पिशवी घेऊन चालतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या बाबांना समोर बसवून हे सांगावं.

पण आता दुसरी बाजू, आणि इथे माझा राग फिरतो.

गाडी रस्त्यावर ठेवून मी आज चालत आत गेले. कुलूप का लागलं ते पाचशे मीटरवर कळलं. गोट्यांच्या उंच बेटावर टायरचे गोल. एक नाही, सात-आठ. कोणीतरी हँडल पूर्ण फिरवून, ॲक्सिलरेटर दाबून, जागच्या जागी गाडी घुमवलेली. त्याच बेटावर मागच्या वर्षी काळ्या कपाळाच्या सुरयांची वसाहत होती. आज एकच सुरय वर ओरडत फिरत होता. गोलांच्या मधोमध बिअरचे डबे.

ऑक्टोबर आहे, मंडळी. ऑक्टोबर! ऑगस्टच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत या नद्यांच्या गोट्यांवर पाखरं अंडी घालतात, हे फोर व्हील घेणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल तर त्याने गाडी विकावी. घरटं म्हणजे काड्यांची वाटी नव्हे. गोट्यांत एवढासा खळगा, आणि अंडी गोट्यांच्याच रंगाची. ती दिसू नयेत हाच त्यांचा सगळा बचाव, आणि टायरपुढे तो बचाव काही कामाचा नाही.

मी कोणी साधू नाही. त्या रविवारी परत येताना मीही चाकोरी सोडली होती. धारेच्या कडेचा भाग सपाट दिसला, म्हटलं इथून काढू. बाबा एकदम म्हणाले, "थांब. थांब गं." समोर एक छोटं पाखरू पंख जमिनीवर ओढत, लंगडत चाललं होतं. मी म्हणाले, "बिचारं, पंख मोडलाय त्याचा." बाबा म्हणाले, "काही मोडलं नाही. टिटवी असंच करते. अंडी जवळ आहेत. आता चाक हलवू नकोस."

ते पाखरू म्हणजे बँडेड डॉटरेल, टिटवीच्याच कुळातलं, हे मला नंतर पुस्तकात बघून कळलं. बाबांना नाव माहीत नव्हतं, पण पाखराची भाषा माहीत होती. वीस मिनिटं आम्ही शोधत होतो. तीन अंडी होती, करडी-हिरवट, वर काळे ठिपके, डाव्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर. माझी नजर त्यांच्यावरून तीन-चारदा तरी फिरून गेली असेल. बाबा काठी टेकत गाडीच्या मागे गेले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चालत, हाताने खुणा करत, त्यांनी माझ्याकडून गाडी माझ्याच चाकांच्या ठशांतून मागे घेववली. पन्नास मीटर. घामाघूम झाले होते.

तेव्हापासून मी चाकोरी सोडलेली नाही, आणि सप्टेंबर ते जानेवारी पाखरांच्या बेटांवर चाक घातलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, पाखरं आपल्यामुळे कमी होत नाहीत, स्टोट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी), मांजरं आणि काटेरी हेजहॉग अंडी खातात, ल्युपिन आणि गॉर्सची झुडपं गोटे झाकून टाकतात, पूर घरटी वाहून नेतो. मान्य. एका मोठ्या पुरात जेवढं जातं तेवढं आपल्या चाकांखाली जात नसेल. पण पूर अधूनमधून येतो आणि त्यानंतर पाखरं पुन्हा अंडी घालतात. शनिवार दर आठवड्याला येतो. ॲशली-राकाहुरी नदीवर लोक स्वतःचा वेळ घालून सापळे लावतात, घरटी मोजतात. आपण त्यांना मदत करत नाही ते नाहीच, पण निदान त्यांच्या कामावरून गाडी तरी नेऊ नये.

आणि या नद्यांवर कोण घरटं करतं ते तरी बघा. रायबिल! चोच बाजूला, उजवीकडे वळलेला जगातला एकमेव पक्षी. गोट्याखाली चोच घालून किडे काढण्यासाठी ती वळलेली. साऊथ आयलंडच्या या वेणीच्या नद्या सोडून तो दुसरीकडे कुठे अंडी घालतच नाही. बाबांना मी दुसऱ्या खेपेला दुर्बिणीतून दाखवला. दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "हा एवढा लांब आला नसता तर मीही आलो नसतो." म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

गेटविषयी. आमच्या फोर व्हीलवाल्यांतले काहीजण लगेच कायदा काढतील. त्यांचं अगदीच चूक नाही. या देशात एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी नकाशावर रस्ते आखले, एक साखळी रुंद, म्हणजे साधारण 20 मीटर. त्यातले कितीतरी कधी बांधलेच गेले नाहीत, पण कागदावर आजही सार्वजनिक रस्ते आहेत आणि त्यांवर कोणी मनाने कुलूप घालू शकत नाही. मीही सकाळी गाडीत बसून आधी नकाशाच उघडला, आणि तिथेच माझा आवाज बसला. कागदावरचा रस्ता आज नदीच्या मुख्य धारेत आहे. दीडशे वर्षांत नदी सरकली, रेघ तिथेच राहिली. आपण जी वाट वापरतो ती गेट ज्याचं आहे त्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून जाते. आठ वर्षं मी हक्काने नाही, त्याच्या चांगुलपणावर जात होते.

आणि त्याला आपण काय दिलं? मेंढ्या विण्याच्या दिवसांत उघडी गेटं. तोडलेली तार. रात्री दोनला हेडलाइट. तो माणूस मला एकदा पावसात भेटला होता, तेव्हा स्वतः थांबून सांगितलं होतं त्याने, की वर डोंगरात नॉर्थवेस्टर (वायव्येचा पावसाळी वारा) लागलाय, तासा-दोन तासांत पाणी चढेल, आत जाऊ नकोस. खाली मैदानात ऊन असतं आणि नदी फुगत असते, हे नव्या माणसाला कळत नाही. पाणी करडं झालं आणि तळाशी गोटे गडगडायला लागले की मागे फिरायचं, हे मला त्याने शिकवलं.

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर कोणीतरी बॉनेटवरून पाणी जातानाचा व्हिडिओ टाकला, खाली टाळ्यांचा पाऊस. लँड रोव्हर डिफेंडर 900 मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणे. जात असेल. तो आकडा पाण्याची उंची सांगतो, पाण्याचा जोर सांगत नाही. एके काळी नदीत बुडून मरण्याला या देशात ‘न्यूझीलंड डेथ’ म्हणायचे, इतकी माणसं गेली या उतारांवर. मी तिथे काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. तेच टायर, तेच लोक, आणि आपण सगळे अंगठे दाखवत बसलो.

लिहिता लिहिता राग उतरला, आता नुसतं वाईट वाटतंय. बाबा आता 80 वर्षांचे आहेत, पुन्हा एवढा प्रवास होणार नाही. दर सप्टेंबरला फोनवर विचारतात, "पाखरं आली का गं?" या वर्षी विचारलं तेव्हा मी "आली" म्हणाले होते.

दुपारी त्या शेतकऱ्याला फोन केला. कुलूप काढा म्हणाले नाही. तुटलेली तार कुठे आहे तेवढं विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, खालच्या कोपऱ्यात, तीस मीटर. येत्या शनिवारी सकाळी आठला मी जाते आहे. ज्यांना यायचं त्यांनी मेसेज करा. हातमोजे आणा, डबे गोळा करायला पोती आणा. गाड्या डांबरी रस्त्यावर लावायच्या, आत चालत जायचं. चालता येत नसेल त्यांनीही या, गेटापाशी बसून तार धरायला माणूस लागतोच.